मानेच्या मागच्या गाठी : ग्रंथिज्वराचं एक प्रकरण

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं दवाखान्यात सहसा येत नाहीत. पहाटे साडेचारला उठायचं, मैदानावर पळायचं, गोळा फेकायचा आणि दिवसभर अभ्यासिकेत बसायचं, हा त्यांचा नेम. अंग दुखलं तर सराव चांगला झाला असं समजतात. त्यामुळे १९ वर्षांचा एक मुलगा दोन मित्रांच्या खांद्यावर हात टाकून माझ्या लातूरच्या दवाखान्यात आला, तेव्हाच मी जरा सावध व्हायला हवं होतं.

हे प्रकरण मुलाच्या आणि त्याच्या वडिलांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. लिहायचं मुख्य कारण असं की यातली पहिली चूक माझ्या हातून झाली, आणि तीच चूक आपल्याकडे रोज कुठे ना कुठे होत असते.

मुलगा बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. बी. ए. करत करत लातूरला खोली घेऊन राहिलेला. खोलीत पाच जण, एक मेस, आणि मैदानावर पाण्याची दोन लिटरची एकच बाटली. ती पाचांच्याही तोंडाला लागायची. या बाटलीकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

ताप येण्याआधी आठवडाभर तो नुसता गळून गेला होता. १६०० मीटर तो ५ मिनिटं २० सेकंदांत पळायचा, तिथे सहा मिनिटांच्या वर वेळ जाऊ लागला. मित्र म्हणाले, "आळस करालाय." मग थंडी वाजून ताप आला. त्या दिवसाला मी पहिला दिवस धरतो. तिसऱ्या दिवशी खोलीजवळ कुठेतरी रक्त तपासलं. विडाल चाचणी १:८० आली. मुदतीचा ताप आहे असं सांगून दोन सलाईन लावल्या आणि सेफिक्झिमच्या गोळ्या दिल्या. आपल्या भागात टायफॉइड इतका पसरलेला आहे की धडधाकट माणसाच्या रक्तातही विडाल १:८० येऊ शकते. एकदाच केलेल्या अशा चाचणीवरून टायफॉइडचं निदान करता येत नाही. त्यासाठी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करावं लागतं. पण विडालचा कागद हातात पडला की रोग्यालाही बरं वाटतं आणि देणाऱ्यालाही.

पाचव्या दिवशी तो माझ्याकडे आला. ताप १०२.६. घसा उघडून पाहिला तर दोन्ही टॉन्सिल सुजलेले, वर पांढरट मळीचा थर. जबड्याखालच्या गाठी दुखऱ्या. खोकला नाही. ताप, टॉन्सिलवर थर, गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं, या चार गोष्टी जमल्या की स्ट्रेप्टोकोकस जंतूचा घसा समजावा असं आम्ही विद्यार्थी असल्यापासून शिकतो. चारही जमत होत्या. बाहेर तीसेक माणसं बसलेली. मी अ‍ॅमॉक्सिसिलीन-क्लॅव्हुलॅनेट सात दिवसांसाठी लिहिलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

मानेच्या मागे हात लावला नाही. टेबलावर झोपवून पोट तपासलं नाही. या दोन गोष्टींना मिळून दीड मिनिट लागलं असतं.

अकरावा दिवस

तो परत आला तेव्हा त्याला ओळखायला मला क्षणभर लागला. अंगभर तांबूस पुरळ उठलेलं, छातीपासून तळहातापर्यंत, खाज सुटलेली. वरच्या पापण्या फुगलेल्या, त्यामुळे डोळे मिटल्यासारखे दिसत होते. आवाज तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा. एका मित्राने गालगुंड समजून त्याच्या गळ्याला हळद-चुन्याचा लेप लावला होता. "सर, तुमच्या गोळ्या चालू केल्यावर चार दिवसांनी उठलं हे," मित्र म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार होती आणि ती रास्त होती.

या वेळी मी खुर्चीवरून उठून मुलाच्या पाठीमागे गेलो. मानेच्या दोन्ही बाजूंना, कानामागून खांद्यापर्यंत उतरत जाणाऱ्या स्नायूच्या मागे बोटं फिरवली. वाटाण्यापासून बोराएवढ्या गाठींची माळच लागली. दोन्हीकडे सारखी, सुटी सुटी, दाबली की दुखणारी. काखेतही दोन-तीन. साध्या जंतूच्या घशात गाठी पुढे, जबड्याखाली येतात. मानेच्या मागे दोन्ही बाजूंनी इतक्या गाठी आल्या की विचार बदलायला हवा. पुन्हा घसा पाहिला. मऊ टाळूवर कठीण टाळूच्या सीमेशी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. टेबलावर झोपवलं. डाव्या बरगडीखाली, श्वास आत घेतला की, दोन बोटं पानथरी, म्हणजे प्लीहा, लागत होती.

ताप, घसा, मागच्या गाठी, वाढलेली पानथरी, आणि अ‍ॅमॉक्सिसिलीनवर उठलेलं पुरळ. ग्रंथिज्वर. आमच्या पुस्तकांत त्याला इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस म्हणतात, आणि तो एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूने होतो.

त्या पुरळाबद्दल इथेच सांगतो, कारण त्यावरून फार गोंधळ होतो. ग्रंथिज्वर असताना अ‍ॅम्पिसिलीन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलीन दिलं तर पुष्कळ रोग्यांना असं पुरळ येतं. जुन्या नोंदींत तर बहुतेक सगळ्यांना येतं असं लिहिलेलं आहे, अलीकडच्या पाहण्यांत ते प्रमाण पुष्कळ कमी, साधारण तिघांत एकाला, असं दिसतं. विषाणूमुळे त्या काळात शरीराची प्रतिकारव्यवस्था खवळलेली असते, त्यातून हे होतं. बहुतेकांत ही पेनिसिलीनची कायमची अ‍ॅलर्जी नसते. पण कार्डावर लाल शाईने 'पेनिसिलीन चालत नाही' असं एकदा लिहिलं गेलं की ते माणसाच्या मागे जन्मभर लागतं, आणि पुढे न्यूमोनियासारख्या आजारात साधं, स्वस्त, चांगलं औषध त्याला कोणी देत नाही. मी या मुलाच्या फाइलवर लिहिलं, "ग्रंथिज्वरात अ‍ॅमॉक्सिसिलीन दिल्याने पुरळ. अ‍ॅलर्जी समजू नये. शंका असल्यास पुढे तपासून पाहावे." खाली सही केली.

चिठ्ठीवरची एक ओळ

रक्त पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १३.८. पांढऱ्या पेशी १६,४००, त्यातले लिम्फोसाइट ६४ टक्के. प्लेटलेट १ लाख १२ हजार. आणि खाली तंत्रज्ञाने लिहिलेली एक ओळ : "असामान्य पेशी दिसतात. रक्ताचा कर्करोग नाही याची खात्री करावी."

रिपोर्ट माझ्या हातात येण्याआधी मुलाच्या मोबाइलवर गेला होता. त्याने तो चुलत भावाला पाठवला. रात्री नऊला गावाकडून जीप आली. वडील, आई, आजी आणि दोन चुलते. वडिलांच्या हातात कापडी पिशवी होती. अजून सोयाबीन रानातच उभं, तरी अडतीवर जाऊन उचल घेऊन आले होते. पिशवी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "साहेब, मुंबईला न्यायचं का पुण्याला, तेवढं सांगा. रान गहाण टाकायची माझी तयारी हाय."

त्यांना मी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना फोन करून म्हटलं, स्लाइड काढून ठेवा, मी येतो. कागदावरच्या ओळीवर माणसाचं रान गहाण पडू नये.

ती स्लाइड मला आजही डोळ्यांसमोर दिसते. नेहमीचा लिम्फोसाइट म्हणजे गोल गडद केंद्रक आणि भोवती निळसर पातळ कड. इथे पेशी मोठ्या होत्या, तांबड्या पेशीच्या तिप्पट-चौपट. भोवतीचा निळा भाग ऐसपैस पसरलेला, आणि जिथे शेजारी तांबडी पेशी असेल तिथे तो तिच्या भोवती वळून चिकटलेला, ओली साडी खांबाला चिकटावी तसा. टेकलेली कड गडद निळी. शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या, त्यांत अशा २२. ल्युकेमियातल्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातल्या, कच्च्या पेशी (ब्लास्ट) बहुतेक एकासारख्या एक दिसतात, साच्यातून काढल्यासारख्या. इथे प्रत्येकीचा आकार वेगळा होता. शिवाय हिमोग्लोबिन ठीक होतं. पॅथॉलॉजिस्ट म्हणाल्या, "सर, या ब्लास्ट नाहीत. या लढणाऱ्या पेशी आहेत."

अगदी नेमकं बोलल्या त्या. विषाणू शिरतो बी-लिम्फोसाइटमध्ये, आणि स्लाइडवर दिसतात त्या बहुतेक त्यांना मारायला धावलेल्या टी-पेशी. आजाराचा ताप, गाठी, पानथरीची सूज, यांतलं पुष्कळसं या चकमकीमुळेच होतं. लिम्फोसाइट निम्म्याहून जास्त आणि त्यांतल्या वेगळ्या दिसणाऱ्या पेशी दहा टक्क्यांच्या वर, हा निदानाचा जुना ठोकताळा अजूनही कामाला येतो. लातूर-परभणीसारख्या ठिकाणी, जिथे महागड्या चाचणीचा रिपोर्ट यायला तीन-चार दिवस लागतात, तिथे काचेवरचा रक्ताचा एक थेंब आणि तो नीट पाहणारा माणूस हेच निदानाचं मुख्य साधन आहे, असं माझं ठाम मत आहे.

रात्री साडेदहाला परत येऊन वडिलांना सांगितलं, "कर्करोग नाही. पिशवी उचला." ते काही बोलले नाहीत. खिशातून टोपी काढली, तोंड पुसलं आणि पुन्हा खिशात ठेवली.

पण आजीची भीती वेगळीच होती. मी सोपं करून सांगायला म्हटलं होतं, "आजी, हा गाठींचा ताप आहे." तशी ती उठून उभीच राहिली. "गाठीचा? मंजी पलेग का?" मी चपापलो. बीड जिल्ह्यात हा शब्द जपून वापरायला हवा, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला आणि पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रोगी निघाले. त्यानंतर सुरतच्या प्लेगची बातमी आली आणि सगळा देश हादरला. गावोगाव फवारणी झाली, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या गेल्या. आजीने त्या गोळ्या खाल्ल्या होत्या. तिला मी जवळ बसवून सांगितलं की प्लेगची गाठ बहुधा जांघेत येते, एकाच जागी, लिंबाएवढी, हातही लावू देत नाही, आणि माणूस दोन-तीन दिवसांत खलास होऊ लागतो. तुमचा नातू अकरा दिवस आजारी आहे आणि आत्ता ताक मागतोय. तेव्हा कुठे ती टेकली. त्या दिवसापासून मी घरच्यांशी बोलताना 'गाठींचा ताप' म्हणत नाही, 'घशाचा आणि पानथरीचा ताप' म्हणतो.

काय काय नाही ते पाहणं

स्लाइड बोलकी असली तरी तेवढ्यावर थांबता येत नाही. प्लेटलेट कमी म्हणून मित्रांनी डेंग्यू ठरवून टाकला होता आणि पपईच्या पानांचा रस आणून ठेवला होता. डेंग्यू आणि मलेरियाच्या चाचण्या केल्या, दोन्ही नाहीत. पांढरा थर पाहून घटसर्पाची शंका घ्यावीच लागते. हा थर टॉन्सिलपुरता होता, पुसला तर निघत होता, खालून रक्त येत नव्हतं. तरी घशाचा नमुना पाठवला, त्यात घटसर्पाचे जंतू निघाले नाहीत.

एक चाचणी मात्र मुलाला एकट्याला बसवून, दार लावून विचारली. एचआयव्हीची लागण नुकतीच झालेली असते तेव्हा अगदी असाच ताप, घसा, गाठी आणि पुरळ येऊ शकतं, आणि त्या वेळी ओळखलं तर पुढचं सगळं सुकर होतं. तो आधी लाजला, मग घाबरला, मग हो म्हणाला. संमतीपत्र घेऊन चाचणी केली. लागण नव्हती. ही चाचणी वडिलांसमोर बोलून दाखवायची नसते. आणि संकोच वाटतो म्हणून टाळायचीही नसते.

चुलत्यांचं म्हणणं होतं की टीबी असेल, गाठीत सुई घालून तपासा. मी नाही म्हटलं. टीबीच्या गाठी बहुधा एका बाजूला, एकमेकींत गुंतलेल्या, आठवडे-महिने घेऊन वाढणाऱ्या असतात. या दहा दिवसांत दोन्हीकडे आल्या होत्या आणि दुखत होत्या. शिवाय ग्रंथिज्वर ऐन भरात असताना गाठीचा तुकडा काढला तर सूक्ष्मदर्शकाखाली तो लिम्फोमासारखा, म्हणजे गाठींच्या कर्करोगासारखा, दिसू शकतो. एका भीतीतून सुटलेलं घर दुसऱ्या भीतीत टाकायचं मला काही कारण नव्हतं. सहा आठवड्यांत गाठी उतरल्या नाहीत तर जरूर तपासू, असं ठरलं.

यकृताच्या चाचणीत एसजीपीटी २१२ आली, बिलिरुबिन १.४. म्हणजे यकृतालाही सूज. ग्रंथिज्वरात दहातल्या आठ-नऊ जणांचं एसजीपीटी थोडंफार वाढतं, डोळे पिवळे मात्र थोड्यांचेच होतात. "कावीळ हाय मग, पाला द्यावा का?" या आईच्या प्रश्नाला मी हात जोडून नको म्हटलं. आधीच सुजलेल्या यकृतावर अनोळखी पाल्याचा भार नको.

ग्रंथिज्वराच्या झटपट, म्हणजे हेटेरोफाइल, चाचणीचं किट गावात मिळालं नाही. १९३२ मध्ये पॉल आणि बनेल यांनी शोधून काढलं की या रोग्यांच्या रक्तात मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणारी प्रतिद्रव्यं असतात. आजची झटपट चाचणी त्याच शोधावर उभी आहे. पहिल्या आठवड्यात ती चार रोग्यांपैकी एकाला हुकते, लहान मुलांत तर जास्तच. मी थेट विषाणूच्या प्रतिद्रव्यांची चाचणी बाहेर पाठवली. चौथ्या दिवशी उत्तर आलं : व्हीसीए आयजीएम आहे, व्हीसीए आयजीजी आहे, ईबीएनए आयजीजी नाही. व्हीसीए आणि ईबीएनए हे विषाणूचे भाग; आयजीएम ही सुरुवातीची प्रतिद्रव्यं, आयजीजी ही पुढे टिकणारी. ईबीएनएची प्रतिद्रव्यं आजार सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनंतर उमटू लागतात. ती नाहीत आणि आयजीएम आहे, म्हणजे लागण ताजी.

या विषाणूचा या आजाराशी संबंध कसा कळला, ती हकिगत मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. फायफर नावाच्या जर्मन डॉक्टराने १८८९ मध्ये या तापाचं वर्णन केलं. १९६४ मध्ये एप्स्टाइन, अ‍ॅचाँग आणि बार यांना आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्याच्या कर्करोगात हा विषाणू सापडला. पण तापाशी त्याचं नातं कोणाच्याही मनात नव्हतं. फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्य याच विषाणूवर काम करत होतं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण तंत्रज्ञ बाईंच्या रक्तात विषाणूची प्रतिद्रव्यं नव्हती, म्हणून तुलनेसाठी त्यांचं रक्त वापरत. त्या ग्रंथिज्वराने आजारी पडल्या, बऱ्या होऊन परतल्या, आणि पुन्हा रक्त पाहिलं तर त्यात प्रतिद्रव्यं भरलेली. १९६८ मध्ये ते जाहीर झालं.

बाटली

मुलाने मोबाइलवर शोधून काढलं होतं की परदेशात याला चुंबनाचा आजार म्हणतात. तेव्हापासून तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. खोलीत पाच पोरं आणि गावात लग्नाची बोलणी करणारी आत्या. असा शब्द बाहेर पडला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. मी सगळ्यांसमोरच मोठ्याने विचारलं, "मैदानावर पाणी कशातून पिता?" मित्राने बाटली दाखवली. म्हटलं, झालं. हा विषाणू लाळेतून येतो. बाटली, एकाच ग्लासातला उसाचा रस, अर्धी खाल्लेली काकडी, काहीही पुरतं. लागण झाल्यापासून ताप यायला चार ते सहा आठवडे जातात, त्यामुळे कोणाकडून आला हे शोधण्यात अर्थ नसतो. मुलाच्या खांद्यावरचा ताण उतरलेला मला दिसला.

मित्रांनी विचारलं, मग आम्हाला का नाही झाला? कारण तुम्हाला बहुतेक तो होऊन गेलाय. आपल्याकडे आजी भाकरीचा घास स्वतःच्या तोंडात मऊ करून नातवाला भरवते, भावंडं एका ताटात जेवतात. त्यातून हा विषाणू बहुतेकांना पाच वर्षांच्या आतच गाठतो आणि त्या वयात साध्या सर्दी-तापासारखा निघून जातो, कळतही नाही. जगातल्या दहापैकी नऊ प्रौढांच्या अंगात तो मुक्कामाला असतो, झोपलेला. लहानपणी सुटलेल्याला तो सतरा-अठराव्या वर्षी गाठला की मग असा आडवा करतो. घरं लहान झाली, ताटं वेगळी झाली, तशी मोठेपणी आजारी पडणारी पोरं आपल्याकडेही दिसू लागतील असं मला वाटतं.

न देण्याचा उपचार

अँटिबायोटिक बंद केलं. घशाच्या नमुन्यात स्ट्रेप्टोकोकस असता तर पेनिसिलीनच्या गटाबाहेरचं औषध द्यावं लागलं असतं, पण तो नव्हता. तापाला पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, दिवसात तीनच, कारण यकृत सुजलेलं. अ‍ॅस्पिरिन नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पेज, ताक, ज्वारीची आंबील, मुगाचं पातळ वरण. विषाणूवरचं असायक्लोव्हिर या आजारात उपयोगी पडत नाही, ते दिलं नाही.

चुलते अस्वस्थ झाले. "लेकरू जेवीनाच गेलंय आन तुम्ही नुसत्या गुळण्या सांगालाव. एखादी ताकदीची सुई तरी द्या." ताकदीची सुई म्हणजे बहुतेक वेळा स्टिरॉइड. दिली असती तर दुसऱ्या दिवशी ताप उतरला असता, पोरगं जेवलं असतं, आणि माझं नाव गावात झालं असतं. पण स्टिरॉइडने हा आजार लवकर बरा होत नाही. ते राखून ठेवायचं असतं घसा बंद होऊ लागला, रक्तपेशी फुटू लागल्या किंवा प्लेटलेट फारच कोसळल्या तर.

आणि बाराव्या रात्री ती वेळ अगदी दाराशी आली. दोन्ही टॉन्सिल मध्ये येऊन एकमेकांना टेकले. मी त्याला माझ्याकडच्या सहा खाटांपैकी एकीवर ठेवून घेतलं. पाठीला उशा लावून अर्धवट बसवलं. दर दोन तासांनी मी तीनच गोष्टी पाहत होतो. स्वतःची लाळ गिळतो का? श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो का? आडवा केलं तर गुदमरतो का? लाळ गिळत होता. आवाज घोरण्याचा होता, शिट्टीचा नव्हता. ऑक्सिजन ९७. स्टिरॉइडची बाटली भरून ट्रेमध्ये ठेवली होती आणि मोठ्या रुग्णालयात फोन करून ठेवला होता. पहाटे चारला त्याने पाणी मागितलं आणि अर्धा ग्लास बसून प्याला. ट्रे परत नेला.

सोळाव्या दिवशी ताप गेला.

मैदान

खरी लढाई पुढे होती. भरतीच्या मैदानी चाचणीचं प्रवेशपत्र आलं, तारीख आजाराच्या चोविसाव्या दिवसाची. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. दोन वर्षं याच एका सकाळसाठी तो खोलीत राहिला होता. वडील म्हणाले, "ताप तर गेला की. फिट हाय म्हणून लिहून द्या."

मी सोनोग्राफी केली होती, पानथरी १४.८ सेंटिमीटर, नेहमी ती बारापर्यंत असते. कागदावर चित्र काढून दाखवलं. पानथरी म्हणजे रक्ताने भरलेली मऊ पिशवी. या आजारात ती पेशींनी ठासून भरते, वरचं पातळ आवरण ताणतं, आणि एरवी बरगड्यांच्या आड लपलेली असते ती खाली उघड्यावर येते. गोळा फेकताना पोट आवळलं, पळताना पडला, गाडीवर खड्ड्यात आदळला, तर ती फुटू शकते. हजार रोग्यांत एक ते पाच जणांना असं होतं, बहुधा पहिल्या तीन-चार आठवड्यांत, आणि पुष्कळदा काही न लागताही. फुटली तर पोटात रक्तस्राव होतो. डाव्या बरगडीखाली एकाएकी कळ, डाव्या खांद्यात दुखणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर पोटात अन्न न घालता तडक मोठ्या रुग्णालयात जायचं, हे मी आईला तीनदा म्हणून दाखवायला लावलं. सोयाबीनची पोती उचलायची नाहीत, मोटारसायकलवर गावाला जायचं नाही, एसटीने जायचं.

साधारण नियम असा की हलका सरावसुद्धा तीन आठवड्यांच्या आत नाही, आणि पोटावर ताण येणारे, अंगाला अंग भिडणारे खेळ चार आठवड्यांनंतर, तेही माणूस पूर्ण बरा वाटत असेल तर. चोविसावा दिवस तीन आठवड्यांच्या पुढे होता, हे खरं. मुलाने स्वतः दिवस मोजून तसा वादही घातला. पण तो जिना चढून आला होता आणि बोलताना मध्ये थांबत होता. पानथरी अजून बोटाला लागत होती. मी प्रमाणपत्र दिलं नाही. आजारपणाचा दाखला आणि तारीख बदलून मिळावी म्हणून अर्ज लिहून दिला. तारीख बदलून मिळाली नाही.

तो रडला. वडील माझ्याशी न बोलता गेले. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही, आणि तरीही आज तोच प्रसंग आला तर मी तेच करीन.

सहाव्या आठवड्यात गाठी उतरल्या, पानथरी हाताला लागेनाशी झाली, एसजीपीटी ४४ वर आली. हळूहळू चालणं, मग धावणं सुरू केलं. पहिल्यांदा १६०० मीटरला ७ मिनिटं १० सेकंद लागले. दुपारी झोप आवरायची नाही, वाचलेलं डोक्यात राहायचं नाही. तो समजत होता की आपण खचलो. मी सांगितलं की या आजारात थकवा ताप गेल्यावरही कित्येक आठवडे टिकतो, दहातल्या एखाद्याला सहा महिनेसुद्धा. यात तुझा आळस नाही. तसं कागदावर लिहून दे म्हणाला, मित्रांना दाखवायला. लिहून दिलं. रोज एकदम जोर काढायचा नाही, आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, असं ठरवलं. साडेतीन महिन्यांनी त्याने फोनवर वेळ सांगितली : ५ मिनिटं २६ सेकंद.

त्यानंतर काही दिवसांनी तो दवाखान्यात आला, आजारी मित्राला घेऊन. मित्राला ताप, घसा, टॉन्सिलवर पांढरा थर, खोकला नाही. अगदी तेच. मी उठून त्याच्या पाठीमागे गेलो, मानेच्या मागे दोन्हीकडे बोटं फिरवली. काही नव्हतं. टेबलावर झोपवलं, पानथरी लागली नाही. रक्तात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेले, लिम्फोसाइट जिथल्या तिथे. मुलगा टेबलाशी उभा राहून माझा हात कुठे जातो ते पाहत होता. "सर, याला पानथरीचं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं, आणि मित्राला अ‍ॅमॉक्सिसिलीन लिहून दिलं.